दरीत उभा ठेवलेला दगड

शालिक,

गावात तुला 'तुमी' म्हणावं लागायचं. माझ्या लहान बहिणीचा, सुनीचा नवरा तू, म्हणजे घरचा जवाई. लग्न लागलं त्याच दिवशी बाबांनी मला कोपऱ्यात घेऊन दम भरला होता, "आता याच्यापुढं अबे-तुबे बंद. जवाईबुवा म्हणाचं." शाळेत एका बाकावर बसून एकमेकांच्या डब्यातली भाजी पळवणारे आपण, आणि मी तुला जवाईबुवा म्हणायचं! तू मुंडावळ्यांच्या आडून हसून राहिला होतास. पण दरीत पाय ठेवला की ते सगळं सुटायचं. तिथं तू शालिक, मी मोऱ्या. म्हणून हे दरीतल्यासारखंच लिहितो. आज तुझ्या तेरवीला फोटोपुढं हात जोडले तर तोंडातून 'जवाईबुवा'च निघालं, आणि मला माझाच राग आला.

लोक जेवून गेले. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. तुझ्या ओसरीवर मी एकटाच बसलो आहे, आणि समोर तुझी धानाची बांधी पाण्यानं भरली आहे. बोलावं असं फार साठलं आहे, आणि ज्याच्याशी बोलायचं तोच नाही. सालभर तू माझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवलीस. त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही हां. मेलास म्हणून सोडून देईन असं समजू नको.

हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं तुमच्या कामठ्याच्याच, फौजेतून रिटायर होऊन आलेल्या शेजाऱ्यानं. त्यानं मोबाईलवर लडाखचे फोटो दाखवले. झंस्कार नदीची दरी. दोन्हीकडं उभे, उघडेबोडके डोंगर, खाली गढूळ पाणी, आणि डोंगराच्या कडेनं जाणारी जुनी पायवाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला महिना लागावा इतकी लांब. "थंडं वाळवंट आहे ते. पाऊसच पडत नाही म्हटलं तरी चालते," तो म्हणाला. तू नुकताच धानाच्या रोवण्याच्या चिखलातून येऊन बसला होतास, पायाची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. "पडतच नाही? मंग तर पाहालेच पाहिजे." बस, एवढ्यावर तुझं ठरलं.

महिनाभर घर सोडणं तुलाही जमणारं नव्हतं आणि मलाही. तुझं धान, माझं कुडव्यातलं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान. तोड तूच काढलीस. रोवणा आटपल्यावर पोळ्यापर्यंत बांधीतलं पाणी पाहणं सोडलं तर तुला जरा सवड असते. तेवढ्यात जायचं, जमेल तेवढी वाट चालायची आणि वापस यायचं. उरलेली पुढच्या साली. मी म्हटलं, असं तुकड्यातुकड्यानं कोण चालते? तू म्हणालास, "एका दिवसात अख्खी बांधी कोण रोवते बे?"

उन्हाळ्यात सराव म्हणून धरणाच्या नहराच्या पाळीवरून आपण पाठीवर धानाच्या बियाण्याचे पोते बांधून चाललो. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "कोणता नवस आहे जी?" कामठ्यातले म्हातारे तर पाठच घेऊन बसले, "देव नाही, धाम नाही, मंग कायले चालता एवढे?" तू गंभीर तोंड करून सांगायचास, "पाणी नसलेली जागा पाहाची आहे." त्यांना ते पटायचं. रोवण्याच्या दिवसांत कोणालाही पटेल.

आणि एक रीत तू सोबत घेऊन गेलास. तुमच्या घरची. संध्याकाळी रोवणा थांबवला की शेवटच्या ओळीच्या टोकाशी बांबूची काडी खोचायची. सकाळी ती काडी ज्यानं खोचली त्यानंच उचलायची, रोपांची पहिली पेंढी त्यानंच रोवायची, मग बाकीच्यांनी बांधीत उतरायचं. दुसऱ्यानं उचलली तर काम अडखळते म्हणायचा तुझा बाप. दरीत बांबू कुठला? तू वाटेच्या काठाशी एक चपटा दगड उभा रोवलास आणि म्हणालास, "हे आपली काडी." पुढच्या साली रेल्वे, बस, जीप असं करत अंग खिळखिळं करून त्याच जागी पोचलो, तर दगड जसाच्या तसा उभा. आपल्याकडं रात्री दारात काढलेली चप्पल सकाळी सापडत नाही! तू तो उचललास, खाली नदीत भिरकावलास, "हां, चाल," म्हणालास, आणि निघालास. दरवर्षी दगड तूच ठेवायचास आणि तूच उचलायचास. मी फक्त पाहायचो.

पहिल्या सालचा भात आठवते का तुले? आपल्या बांधीचा तांदूळ म्हणून तू मोठ्या तोऱ्यात पिशवी भरून आणला होतास. माझ्या जास्तीच्या स्वेटरवर डोळे वटारून "ओझं कायले?" म्हणालास, आणि स्वतः तांदूळ! पाणी खळखळ उकळून राहिलं, आणि दाणा काही शिजेना. वर मऊ, मधात खडा. आधी तू पाण्याला शिव्या दिल्यास, मग स्टोव्हला, मग मला. उंचावर भात असा नाही शिजत हे आपल्या गावात कोणाला ठाऊक असणार? पिढ्यान् पिढ्या धान पिकवणारा माणूस, आणि त्या रात्री कच्चकच्च चावून झोपला. पुढच्या साली तू सुनीचा छोटा कुकर पळवून आणलास. त्या दरीत पहिली शिटी झाली तेव्हा ती समोरच्या कड्यावर आपटून वापस आली, मग दुसरीकडून आली, आणि आपण दोघं पोट धरून हसलो. दिवसभर तिथं पावलांखेरीज काही ऐकू येत नाही. कुकरची शिटी ऐकली की घर आठवायचं.

आणि ती म्हातारी! दरीत एका वळणावर अचानक हिरवं दिसलं. चार घरं, जवाची आणि वाटाण्याची लहान लहान शेतं, आणि डोंगरावरच्या बर्फाचं पाणी आणणारा एक पाट. मी पाणी प्यायला थांबलो आणि वळून पाहतो तर तू पाटात उतरलेला. एका जागी पाटाची कड फोडलेली होती आणि पाणी भलतीकडं चाललं होतं. तुझ्या जिवाला ते सहन होणारच नव्हतं. दगड, माती, गवताचा बोळा लावून तू ते भोक बुजवलंस, आणि हात झटकत मोठ्या थाटात मला म्हणालास, "पाह्य, कसं वाया जाऊन राहिलं होतं." तेवढ्यात फावडं घेऊन ती वरच्या शेतातून धावत आली. काय बोलत होती देव जाणे, पण तुला अर्ध्या क्षणात समजलं. "मोऱ्या, घात झाला. पाण्याची पाळी हिची आहे!" पाणी वाया जात नव्हतं, तिच्या शेताला चाललं होतं.

कामठ्यात कोणी तुझी पाळी अशी तोडली असती तर तू त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास. तू दोन्ही कान पकडलेस, भोक मोकळं केलंस, आणि तिच्या हातातलं फावडं घेऊन दुपारभर तिचं शेत भिजवलंस. ती तिच्या बोलीत, तू आपल्या झाडीबोलीत. "आमच्या इकडं पाणी येते ना माय, तं येतेच. तुमच्या इकडं कसं, पोरासारखं सांभाळा लागते," असं काहीबाही. तिनं खारट चहा पाजला. तू तीन पेले प्यालास आणि वर मला म्हणालास की छान आहे. खोटारडा. निघताना तिनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

तू नेहमी पुढं असायचास. वाटेच्या प्रत्येक मोडीवर, वळणावर थांबायचास, मागं वळून पाहायचास, मी दिसलो की पुन्हा चालू लागायचास. हाक नाही, काही नाही. त्या दरीत मी मुंगीएवढा होऊन जायचो. वर आभाळ, खाली पाणी, आणि मधात आपण कुठले कोण. पण पुढच्या मोडीवर तुझा तो निळा शेला दिसला की बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू सालभर चिडवलं असतंस.

मागच्या साली पहिल्यांदा मी पुढं होतो. मला वाटलं, लेका, आपणच तगडे झालो. मोडीवर मी थांबायचो आणि तू यायचास, हळूहळू, कमरेवर हात ठेवून. "फोटो काढून राहिलो होतो," म्हणायचास. शेवटचा तुकडा होता तो. दोन मुक्काम, की दरी संपली. आणि घाई यासाठी होती की त्या वाटेवर आता मोटारीचा रस्ता येऊन राहिला आहे. वरच्या अंगाला सुरुंगाचे आवाज आपणच ऐकले होते. पुढच्या साली ही वाट असेल का नाही, कोणाला माहीत.

आणि त्या सकाळी तू एका दगडावर बसलास आणि म्हणालास, "वापस जाऊ."

"काऊन?"

"धानाले करपा लागला अशीन."

"सुनीनं फोन केला का?"

"इथं कुठं लागते फोन?"

"मंग तुले सपन पडलं का करप्याचं?"

तू बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलास. मी आरडलो, शिव्या दिल्या, माझा आवाज कड्यावर आपटून मलाच ऐकू येत होता. एवढ्या साली चालून आलो ते इथं शेपूट घालायला? तू ऐकून घेतलंस. मग उठून एक चपटा दगड शोधलास, नेहमीसारखा. पण तो रोवला नाहीस. माझ्या हातात दिलास.

"यंदा तू ठेव."

मी रागारागात तो वाटेच्या काठाला रोवला. वाकडा रोवला गेला. तू वाकून सरळ करशील असं मला वाटलं. तू हातही लावला नाहीस. नुसता पाहत राहिलास.

उतरताना, बसमध्ये, रेल्वेत, मी तोंड फुगवून. गोंदिया स्टेशनवर तू कामठ्याचा ऑटो पकडलास, मी कुडव्याचा. पुढं सालभर मी तुला टोचत राहिलो. दिवाळीत चारचौघांत म्हटलं, "आमचे जवाईबुवा डरले जी." तू हसून म्हणालास, "हाव, डरलो." त्यावर काय भांडणार? पण यंदा जाऊ म्हटलं तर लगेच हो म्हणालास. तिकिटं काढ म्हणालास. मी दोन तिकिटं काढली.

मग आषाढातल्या त्या सकाळी सुनीचा फोन आला. बैलांना ढेप टाकता टाकता तू गोठ्यातच बसलास आणि उठला नाहीस. मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. दुकानापुढं एक गिऱ्हाईक उभं होतं, "भैया, क्लच वायर है क्या?" विचारत होतं, आणि मी त्याला "नहीं है" म्हणून शटर पाडलं, एवढं मात्र आठवते.

तुझा रोवणा अर्ध्यावर होता. चौथ्या दिवशी बाया आल्या, कारण पऱ्ह्यातली रोपं जुनी होऊन राहिली होती आणि पाणी बांधीत उभं होतं. आल्या आणि बांधीच्या काठाला, धुऱ्यावरच थांबल्या. बांधीच्या मधात तुझी काडी खोचलेली होती. आदल्या संध्याकाळी तूच खोचलेली. यमुनाबाई, जिच्या मागं सगळ्या रोवतात, ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "शालिकभाऊची काडी आहे जी. आमी कशी उचलाव?" मी धुऱ्यावर उभा होतो. माझेही पाय उचलले नाहीत. मी दुसऱ्या घरचा.

तेवढ्यात मागून सुनी आली. डोळे सुजलेले, कपाळ मोकळं. तिनं लुगडं वर खोचलं. तुझी मावशी ओरडली, "सुतकात आहेस वो सुने! बांधीत नको उतरू!"

"धान कोणाचं सुतक पाळते वो मावशी?"

ती गुडघाभर चिखलात गेली. काडीजवळ उभी राहिली. मला वाटलं, आता कोसळते. तिनं काडी उपटली, छातीशी धरली, आणि एका हातानं पहिली पेंढी सोडून रोवायला लागली. कोणी गाणं म्हटलं नाही त्या दिवशी. बाया गुपचूप तिच्या मागं ओळीनं उतरल्या. माझी बहीण ती, शालिक. लहानपणी चिखलात पाय बुडवायला रडणारी. तुझ्या घरी येऊन ती अशी झाली. त्याच्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नव्हतं, आज म्हणतो. तुझे उपकार आहेत.

दुपारी ती पाय धुऊन ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, "दादा, तुले एक सांगाचं आहे." मग बोलली. तिकडंच, दरीत, तुझ्या छातीत भरून आलं होतं. घरी आल्यावर डॉक्टरकडं गेलास, गोळ्या सुरू होत्या. उंचावर पुन्हा जायचं नाही असं बजावलं होतं. "आणि मले म्हणे, मोऱ्याले सांगू नको. त्याले समजलं तं तो एकटा जाणारच नाही. त्याचं राहून जाईन."

मी तिच्यावरच चिडलो. तिथून उठून बांधीकडं गेलो आणि एकट्यानं खूप वेळ रडलो. मग तुझ्यावर चिडलो. तुला दरीत सांगता येत नव्हतं का बे? मी पाठीवर घेऊन उतरवलं असतं तुला. सालभर मी चारचौघांत डरपोक म्हणत राहिलो आणि तू हसून घेत राहिलास, हे कोणत्या जन्माचं वैर काढलंस? जायचं नव्हतं तर दोन तिकिटं कायले काढायला लावलीस? माझं म्हणणं अजूनही तेच आहे. सांगायला पाहिजे होतं. तुझ्याजवळ याचं उत्तर असेल, पण आता मला ते कोण सांगणार?

आणि त्याच रडण्यात मला तो दगड आठवला. वाकडा. माझ्या हातानं रोवलेला. ज्यानं ठेवली त्यानंच उचलायची. एवढ्या साली कधी मला हात लावू दिला नाहीस, आणि त्या दिवशी मुद्दाम माझ्या हातात दिलास. तू उचलायला येणार नाहीस, हे तुला तिथंच कळलं होतं.

तुझं तिकीट मी रद्द केलं. माझं आहे. खरं सांगू? भ्या वाटते. चालायचं नाही, उंचीचंही नाही. मोडीवर पोचेन आणि पुढं कोणी वळून पाहणारं नसेल, त्याचं भ्या वाटते. रात्री कुकरची शिटी होईल आणि ती चारीकडून वापस येईल, आणि हसायला मी एकटा. काल रात्री मनात आलं की नकोच जायला. सकाळी सुनीनं न विचारता कुकर घासून माझ्या गाडीला लटकवला. तांदळाची पिशवी बांधून दिली, तुझ्याच बांधीचा. "पोळ्याच्या आत घरी ये," एवढंच म्हणाली. दरवर्षी तुला म्हणायची तेच.

तर येऊन राहिलो मी. रस्ता तिथवर पोचला नसेल आणि दगड उभा असेल, तर मीच उचलीन. नसेल तर जागा मला ठाऊक आहे, तिथलाच एखादा घेईन. दोन मुक्काम आहेत, चालून टाकीन.

पण एका गोष्टीत तुझं ऐकणार नाही. तू उचललेला दगड नदीत भिरकावायचास. मी भिरकावणार नाही. पिशवीत घालून दरीच्या टोकापर्यंत नेईन, जीपमधून, बसमधून, रेल्वेतून आणीन, आणि तुझ्या बांधीच्या धुऱ्यावर उभा रोवीन. सरळ रोवीन. तू म्हणशील, "ओझं कायले?"

म्हण ना लेका. एकदा म्हण.